तुमच्या फोनमधला गायब तास आणि विल्यम विलेट नावाचा बिल्डर

ऑक्टोबरमधला शेवटचा रविवार होता. सकाळचे सात वाजून गेले होते, मी अजून पांघरुणात होते आणि फोन वाजायला लागला. आमची टीम तेव्हा इंग्लंडमधल्या एका क्लायंटचं काम बघायची. तिथल्या घड्याळानुसार रात्री दीड वाजता एक जॉब चालायचा आणि त्यातून ग्राहकांना पैसे भरायची आठवण करून देणारे एसएमएस जायचे. त्या रात्री प्रत्येक ग्राहकाला तोच एसएमएस दोनदा गेला होता. आपल्या वेळेनुसार एकदा सकाळी ६ वाजता आणि परत ७ वाजता.

कोड माझा होता, त्यामुळे निस्तरायचंही मलाच होतं. दोन तास लॉग चाळले, पण चूक सापडेना. सापडणार तरी कशी? जॉबला सांगितलं होतं की दीड वाजला की चाल, आणि तो चालला होता. त्या रात्री इंग्लंडमध्ये दीडच दोनदा वाजला होता! नंतर जुने लॉग बघितले तेव्हा कळलं की मार्चमधल्या एका रविवारी याच जॉबने दांडी मारली होती, कारण त्या रात्री तिकडे दीड वाजलाच नव्हता. ते तर कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

चिडून मी शोधायला बसले की घड्याळं मागेपुढे करायचा हा उद्योग मुळात सुचला कोणाला. मला वाटलं होतं कोणीतरी शास्त्रज्ञ किंवा सरकारी अधिकारी असेल. निघाला एक बिल्डर. त्याने या कल्पनेसाठी आयुष्याची शेवटची आठ वर्षं आणि स्वतःच्या खिशातले पैसे घातले, आणि ती अमलात आलेली बघायला तो जिवंत राहिला नाही. नाव विल्यम विलेट. आज त्याचीच गोष्ट.

आधी थोडं बेसिक

डेलाइट सेव्हिंग टाइम म्हणजे काय? उन्हाळा आला की देशातली सगळी घड्याळं एक तास पुढे करायची आणि थंडीच्या तोंडावर परत एक तास मागे आणायची. इंग्लंडमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी रात्री १ वाजता घड्याळ थेट २ वर जातं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी रात्री २ वाजता ते परत १ वर येतं. म्हणजे मार्चमध्ये एक ते दोन हा तास नसतोच आणि ऑक्टोबरमध्ये तो दोनदा येतो. माझा जॉब नेमका याच खड्ड्यात पडला होता.

हे कशासाठी, ते आपल्याला मुंबई-पुण्यात बसून पटकन कळत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यातला सगळ्यात मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा आणि हिवाळ्यातला सगळ्यात छोटा दिवस साधारण ११ तासांचा असतो. फरक जेमतेम दोन-सव्वादोन तासांचा. लंडन विषुववृत्तापासून खूप वर, ५१ अंशांच्याही पलीकडे. तिथे जूनमधला दिवस साडेसोळा तासांहून मोठा आणि डिसेंबरमधला आठ तासांपेक्षाही छोटा असतो. घड्याळ पुढे केलं नाही तर जूनमध्ये लंडनला पहाटे पावणेचारलाच सूर्य उगवेल. तेव्हा जागं कोण असतं? आणि संध्याकाळी साडेआठच्या आत तो मावळेलही. पहाटेचा उजेड वाया जातो आणि संध्याकाळी दिवे लावावे लागतात. विलेटच्या डोक्यात हेच बसलं होतं.

घोड्यावरून फेरी मारणारा बिल्डर

विलेटचा जन्म १० ऑगस्ट १८५६ ला इंग्लंडमधल्या फार्नहॅम या गावी झाला. शिक्षण झाल्यावर थोडा काळ इकडेतिकडे काम करून तो वडिलांच्या बांधकाम धंद्यात आला. बाप-लेकांनी लंडनच्या चेल्सी भागात आणि समुद्रकाठच्या होव्ह शहरात अशी घरं बांधली की घर विलेटने बांधलंय एवढं सांगितलं तरी गिऱ्हाइकाला पुरेसं व्हायचं. आपल्याकडे एखाद्या बिल्डरच्या नावावर फ्लॅट विकला जातो ना, तसंच.

पैसा होता, नाव होतं. तो राहायला लंडनबाहेर चिझलहर्स्टला होता. शेजारी पेट्स वूड नावाचं जंगल. तिथे भल्या पहाटे घोड्यावरून फेरी मारायची त्याची सवय. १९०५ च्या उन्हाळ्यात अशाच एका सकाळी त्याच्या लक्षात आलं की चांगलं लख्ख ऊन पडलंय आणि घराघरांचे पडदे अजून ओढलेलेच आहेत. लोक गाढ झोपेत आहेत. गोल्फचाही त्याला नाद होता, आणि संध्याकाळी अंधार पडला म्हणून खेळ अर्धवट टाकून निघायला लागलं की त्याला वाईट वाटायचं.

आता प्रामाणिकपणे सांगा, ही तक्रार तशी खात्यापित्या घरच्या माणसाची आहे की नाही? घोडा, जंगल, गोल्फ! मलाही आधी तसंच वाटलं. पण पुढे त्याने हिशोब मांडला तो सगळ्यांच्या संध्याकाळचा. दुकानातून, कारखान्यातून, ऑफिसातून सुटल्यावर माणसाला अंगावर उजेड घेता आला पाहिजे, मोकळ्या हवेत जाता आलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं होतं.

एक गोष्ट इथेच नोंदवते. अशी कल्पना सुचलेला तो पहिला नव्हता. १७८४ मध्ये बेंजामिन फ्रँकलिनने पॅरिसच्या लोकांना लवकर उठून मेणबत्त्या वाचवायचा सल्ला गमतीत दिला होता, पण घड्याळाला हात लावायचं तो बोलला नव्हता. १८९५ मध्ये न्यूझीलंडच्या जॉर्ज हडसनने तर घड्याळं दोन तास पुढे करायचा प्रस्ताव एका सभेत मांडला. हा हडसन पोस्टात नोकरी करायचा आणि फावल्या वेळात किडे गोळा करायचा. त्याला किड्यांसाठी संध्याकाळचा उजेड हवा होता. लोकांनी त्याला फारसं मनावर घेतलं नाही. विलेटला कल्पना स्वतंत्रपणे सुचली, आणि तो ती सोडायला तयार नव्हता.

२० मिनिटांचे चार हप्ते

१९०७ मध्ये विलेटने स्वतःच्या खर्चाने एक पुस्तिका छापली. विषय होता दिवसाच्या उजेडाची उधळपट्टी. त्यातली योजना आजच्यापेक्षा बरीच वेगळी होती. एप्रिलमधल्या चार रविवारी, रात्री लोक झोपेत असताना, घड्याळ दर वेळी २० मिनिटं पुढे करायचं. चार हप्त्यांत ८० मिनिटं. सप्टेंबरमध्ये तशाच चार रविवारी २०-२० मिनिटं परत करायची.

त्याचा हिशोब मी स्वतः करून बघितला. मे ते ऑगस्ट हे १२३ दिवस. रोज ८० मिनिटं जास्तीचा संध्याकाळचा उजेड म्हणजे १६४ तास. एप्रिल आणि सप्टेंबरचे ६१ दिवस, रोज सरासरी ४५ मिनिटं धरली तर साधारण ४६ तास. बेरीज २१० तास. पुस्तिकेतला आकडाही हाच. दिवाबत्तीच्या खर्चात देशाचे दरवर्षी सुमारे २५ लाख पौंड वाचतील असंही त्याने मांडलं होतं.

यातली युक्ती बघा. लोकांना सकाळी लवकर उठा म्हणून सांगून उपयोग नसतो, हे त्याला पक्कं माहीत होतं. आपल्या घरोघरी आई-वडील ते वर्षानुवर्षं सांगताहेत, काय फरक पडलाय? म्हणून त्याने माणसांना हातच लावला नाही. शाळा सातला उठवते, गाडी आठला सुटते, ऑफिस नऊला उघडतं, आणि हे सगळे बघतात एका घड्याळाकडे. मग घड्याळच सरकवलं की सगळं आपोआप सरकतं. आमच्या भाषेत सांगायचं तर हजार फाइल बदलण्यापेक्षा सगळ्या फाइल ज्या एका व्हेरिएबलवर चालतात, तोच त्याने बदलायला घेतला.

आणि असा ग्लोबल व्हेरिएबल बदलला की काय काय मोडतं, ते कुठल्याही प्रोग्रॅमरला विचारा.

पार्लमेंटचे हेलपाटे

फेब्रुवारी १९०८ मध्ये रॉबर्ट पीअर्स नावाच्या खासदाराने हे विधेयक ब्रिटिश पार्लमेंटमध्ये मांडलं. तपासणीसाठी समिती बसली. विलेटच्या बाजूने मोठमोठी नावं होती. तरुण विन्स्टन चर्चिल, लॉइड जॉर्ज, माजी पंतप्रधान बाल्फोर, शेरलॉक होम्सचा लेखक आर्थर कॉनन डॉयल. पण विरोधही तेवढाच तगडा होता. खुद्द पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ विरोधात होते. सरकारी वेधशाळेचे प्रमुख विल्यम क्रिस्टी आणि हवामान खात्याचे प्रमुख नेपियर शॉ विरोधात होते.

विरोधकांचे मुद्दे पोकळ नव्हते. शेतकऱ्यांचं म्हणणं, गाई घड्याळ बघून दूध देत नाहीत आणि गवतावरचं दव ऊन तापल्यावरच वाळतं. नाटक कंपन्यांचं म्हणणं, बाहेर उजेड असताना प्रेक्षक थिएटरात कशाला येईल? लंडनच्या शेअर बाजाराचं म्हणणं, न्यूयॉर्कचं घड्याळ जागच्या जागी राहिलं तर दोन्ही बाजार एकाच वेळी उघडे असण्याचा वेळ आणखी कमी होईल. हा शेवटचा मुद्दा वाचला आणि मला हसू आलं. मार्चमध्ये आमचा साडेतीनचा कॉल अचानक अडीचला येतो, जेवणाचा डबा उघडा असताना, तेव्हा आमची टीम याहून वेगळं काय बोलते?

विधेयक पडलं. पुढच्या वर्षांत परत परत आणलं आणि परत परत अडकलं. विलेट पुस्तिका काढत राहिला, पत्रं लिहीत राहिला, माणसांना भेटत राहिला. धंदा सांभाळून, स्वतःच्या पैशाने. लोकांनी टिंगल केली ती वेगळीच. ४ मार्च १९१५ ला इन्फ्लुएंझाने तो गेला. वय ५८. तेव्हा जगातल्या एकाही मोठ्या देशाने त्याची कल्पना स्वीकारली नव्हती.

जे पटवून झालं नाही ते कोळशाने झालं

विलेट गेला तेव्हा पहिलं महायुद्ध सुरू होतं. कारखान्यांना आणि युद्धाला कोळसा हवा होता, आणि घराघरांतले दिवेही शेवटी कोळशावरच चालायचे. ३० एप्रिल १९१६ च्या रात्री जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीने घड्याळं एक तास पुढे केली. ज्या देशात ही कल्पना आठ वर्षं धूळ खात पडली होती तो देश मग तीन आठवड्यांत जागा झाला. १७ मे ला ब्रिटनचा कायदा झाला आणि २१ मे १९१६ ला ब्रिटिश घड्याळं पुढे सरकली. विलेटला जाऊन साडेचौदा महिने झाले होते. १९१८ मध्ये अमेरिकेनेही तेच केलं, आणि १९२५ मध्ये ब्रिटनने ती पद्धत कायमची केली.

म्हणजे संध्याकाळचं फिरणं, मोकळी हवा, तब्येत या कारणांसाठी जे मिळालं नाही, ते लढाईसाठी मिळालं. शिवाय मिळालं ते विलेटच्या मूळ डिझाइनमध्ये नाही. २० मिनिटांचे हप्ते गळून गेले आणि एकदम एका तासाची उडी आली.

घरातली घड्याळं कोण फिरवणार?

हप्ते का गळाले, ते समजायला घराच्या भिंतीकडे बघावं लागतं. तेव्हा घड्याळ म्हणजे चावीचं यंत्र. विलेटच्या योजनेत वर्षातून आठ वेळा प्रत्येक घड्याळ फिरवायचं होतं. घरात पाच घड्याळं असतील तर ४० वेळा. शरीराला हे सोपं, कारण २० मिनिटांनी झोप मोडत नाही. पण घराला, स्टेशनला, देवळाच्या मनोऱ्याला ते जाच. शरीराचा त्रास कमी करावा तर घड्याळांचा वाढतो आणि घड्याळांचा कमी करावा तर शरीराचा. शेवटी सोय बघितली गेली ती घड्याळांची.

त्यातही घड्याळ पुढे करणं सोपं, मागे करणं अवघड. हे मला पुस्तकाआधी आजोबांनी शिकवलं होतं. आमच्या जुन्या घरी टोले देणारं लंबकाचं घड्याळ होतं. लहानपणी मी स्टुलावर चढून काटे उलटे फिरवायला गेले तेव्हा आजोबांनी माझा हात धरला होता. अशा बऱ्याच घड्याळांत टोल्यांचं यंत्र वेगळं असतं आणि ते आपले टोले क्रमाने मोजत जातं. काटे उलटे फिरवले तर काटा दाखवतो तीन आणि टोले पडतात पाच. कधी आतला भाग मोडतोही.

मग १९१६ च्या ऑक्टोबरात ब्रिटनमध्ये तास मागे करायची पहिली वेळ आली तेव्हा टोल्यांच्या घड्याळांचं काय? दोनच सरळ उपाय होते. एक तर लंबक थांबवून तासभर घड्याळ बंद ठेवायचं. किंवा काटे पुढेच फिरवायचे, एक तास मागे नाही तर अकरा तास पुढे, आणि वाटेत प्रत्येक तासाचे टोले पूर्ण पडू द्यायचे. एका तासासाठी टोल्यांची ही केवढी वरात!

आपल्याकडे कधी झालं का?

झालं, पण थोडा काळ. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ या वर्षांत भारतातली घड्याळं एक तास पुढे होती, म्हणजे ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे. घरातल्या कोणी जुन्या माणसाकडून लढाईच्या काळातल्या वेळेबद्दल ऐकलं असेल तर ते हेच. लढाई संपली आणि साडेपाच तास परत आले. आज आपण घड्याळाला हात लावत नाही. मुंबईत सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात छोट्या दिवसात एवढा कमी फरक असताना ते करून मिळणार तरी काय?

ज्यांच्याकडे हे चालू आहे तेही आता वैतागलेत. झोपेचा अभ्यास करणारे अनेक डॉक्टर हा बदल बंद करा म्हणतात. २०१९ मध्ये युरोपियन पार्लमेंटने तो बंद करायच्या बाजूने मत दिलं. पण उन्हाळ्याची वेळ कायम ठेवायची की हिवाळ्याची, यावर देशांचं एकमत होईना आणि घोडं तिथेच अडलं.

तुमच्या फोनमधला विलेट

आता फोन हातात घ्या. तुमच्या फोनच्या आत मुळात एकच वेळ असते, सगळ्या जगाची सामायिक वेळ, जिला यूटीसी म्हणतात. १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले एवढंच तो मोजतो. ते सेकंद कधी मागे जात नाहीत, आजोबांच्या घड्याळासारखे. पुण्यात किती वाजले आणि लंडनमध्ये किती वाजले, हे फोन एका नियमांच्या यादीतून काढतो. टाइम झोन डेटाबेस म्हणतात तिला. कुठल्या गावाने कधी घड्याळ किती सरकवलं याच्या नोंदी त्यात आहेत. लंडनच्या नावापुढे २१ मे १९१६ ची नोंद आहे. आपल्या कोलकाता झोनमध्ये लढाईतला तो जास्तीचा तासही आहे.

क्लॉक अ‍ॅपमध्ये लंडन अ‍ॅड करून ठेवा. हिवाळ्यात फरक साडेपाच तासांचा दिसेल, उन्हाळ्यात साडेचार तासांचा. जो तास कमी झाला, तो विलेटचा.

आणि कोड लिहीत असाल तर माझ्याकडून एवढं घ्या. वेळ नेहमी यूटीसीमध्ये साठवा, स्थानिक वेळ फक्त दाखवताना काढा. रात्री एक ते तीनच्या मध्ये स्थानिक वेळेचा जॉब लावू नका. लावावाच लागला तर तो दोनदा चालला तरी नुकसान होणार नाही असा लिहा. मी तो रविवार यातच घालवला.

विलेटला पुढे मान मिळाला. ज्या पेट्स वूडमध्ये तो घोडा फिरवायचा तिथे १९२७ मध्ये त्याचं स्मारक उभारलं, सूर्याच्या सावलीवर चालणारं घड्याळ. ते उन्हाळी वेळ दाखवेल असंच कोरलेलं आहे. जवळच्या एका पबला डेलाइट इन असं नाव आहे. आणि जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत कोल्डप्लेला ऐकायला तुमच्यापैकी कोणी गेलं असेल, तर त्या बँडचा गायक ख्रिस मार्टिन हा विलेटचा खापरपणतू. त्यांच्या एका गाजलेल्या गाण्याचं नावच क्लॉक्स आहे!

मी मात्र सारखी त्या सावलीच्या घड्याळाचा विचार करते. चावी नाही, काटे नाहीत, अपडेट नाही. ऑक्टोबरमध्ये सगळा देश एक तास मागे जातो आणि विलेटचं घड्याळ तिथेच, तासभर पुढे उभं असतं. मार्चपर्यंत ते चूक असतं. मग परत सगळे त्याच्या वेळेवर येतात.